प्रोसिजर शिकवणारी भागीदारी कशी उभी करावी : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातली लहान रुग्णालयं आणि बाहेरून प्रोसिजर, म्हणजे शस्त्रक्रिया आणि तसे हातानं करायचे उपचार, शिकवायला येणारे डॉक्टर यांची गाठ घालून देण्याचं काम आमचा एक छोटा गट करतो. आता इथले काही डॉक्टर आफ्रिकेत आणि नेपाळमध्ये शिकवायला जाऊ पाहतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन येतात. तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

माझा भाऊ अमेरिकेत सर्जन आहे. डिसेंबरमध्ये दोन आठवडे येतोय, त्याला गावासाठी काहीतरी करायचंय. कुठे पाठवू?

आधी त्याला तीन गोष्टी विचारा. पुढची तीन-चार वर्षं तो त्याच रुग्णालयात येईल का? टेबलापाशी उभं राहून, स्वतःचे हात मागे बांधून, दुसऱ्याला करू देईल का? मधल्या अकरा महिन्यांत इथल्या डॉक्टरचा रात्री फोन आला तर उचलेल का? तिन्हींना हो असेल तर आमच्याशी बोला.

नाही असेल तर ते शिबिर झालं. शिबिराला आमचा विरोध नाही. हर्निया घेऊन पाच वर्षं शेतात राबणाऱ्या माणसाचं ऑपरेशन झालं तर ते चांगलंच आहे. पण शिबिर संपल्यावर जानेवारीत जो पेशंट येतो, त्याला पेठ तालुक्यातून पुन्हा सावळघाट पार करून नाशिकलाच यावं लागतं. त्या जानेवारीतल्या पेशंटचं पेठमध्येच व्हावं, यासाठी भागीदारी करायची.

गरज खरंच एवढी आहे का? नाशिकमध्ये तर गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत.

नाशिक शहरात आहेत. गंगापूर रोडवरून आणि मुंबई नाक्यावरून जिल्हा बघू नका. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि कळवण तालुक्यांतल्या पाड्यांवरून बघा. जगाचं चित्रही असंच आहे. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगानं २०१५ मध्ये हिशेब मांडला, की जगातल्या ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. याच आयोगानं तीन शस्त्रक्रिया कसोटी म्हणून निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरचा उपचार. ज्या रुग्णालयात या तिन्ही होतात, तिथे बाकीचंही बरंच काही होऊ शकतं. तुमच्या तालुक्यात या तिन्हींपर्यंत दोन तासांत पोचता येतं का, हे ऑगस्टमधल्या पावसात तपासून बघा.

कोणती प्रोसिजर निवडावी?

पाहुण्याला जी येते ती नको. तुमच्या रजिस्टरमध्ये जी सारखी दिसते ती निवडा. मागच्या वर्षीची रेफर वही काढा आणि कोणते पेशंट वरच्या रुग्णालयात पाठवले, कशासाठी पाठवले, ते मोजा. वर्षातून दोनदा येणाऱ्या आजारासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकून हात कायम राहत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, श्वास न घेणारं नवजात बाळ, हर्निया, मोतीबिंदू, हाताची भाजलेली बोटं, पडून मोडलेली हाडं हे सारखं येत असतं.

दुसरी अट अशी, की प्रोसिजरला लागणारं सामान नाशिकच्या बाजारात मिळालं पाहिजे. परदेशातून आणलेले टाके आणि स्टेपलर संपले की शिक्षणही संपतं.

साध्या, स्वस्त पद्धती शिकवणं म्हणजे गरिबांसाठी दुय्यम उपचार नाहीत का?

हा प्रश्न नाशिकमधल्या तज्ज्ञ मंडळींकडून हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईचाला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या भिंतीला आधार म्हणून बसवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक केलेला तुकडा वापरून पाहिला. इतर ग्रामीण सर्जनांना सोबत घेऊन त्यांनी त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर अनेकांनी नाकं मुरडली. पुढे ही कल्पना आफ्रिकेत पोचली. युगांडात स्वीडिश आणि स्थानिक डॉक्टरांनी मिळून ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी केली: अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभरानंतर दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. ही चाचणी २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. म्हणजे खानदेशातल्या लहानशा गावातून निघालेली गोष्ट जगातल्या सर्वांत कडक परीक्षेत उतरली.

तरी एक खबरदारी. दुकानातली औषध मारलेली मच्छरदाणी कापून वापरायची असा याचा अर्थ होत नाही. कापड कोणतं, निर्जंतुकीकरण किती तापमानाला, हे सगळं ठरलेलं असतं, आणि आता भारतात शरीरात बसवायच्या वस्तूंना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत.

अशी उदाहरणं आणखी आहेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कंडोम आणि कॅथेटरचा फुगा वापरण्याची पद्धत ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केली. बिनटाक्याची नसबंदी १९७० च्या दशकात चीनमधल्या सिचुआनमध्ये डॉ. ली शुनच्यांग यांनी विकसित केली. यापैकी एकही श्रीमंत देशातून आलेली नाही. स्वस्त असणं आणि दुय्यम असणं वेगळं, आणि त्यातला फरक चाचणीनंच ठरतो.

तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरला शस्त्रक्रिया शिकवणं योग्य आहे का?

भारतात हे सरकार स्वतःच करत आलं आहे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूल देण्याचं आणि सिझेरियनसह तातडीच्या प्रसूती सेवेचं काही महिन्यांचं प्रशिक्षण आहे. घानामध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खास प्रशिक्षण घेतलेल्या साध्या एमबीबीएस दर्जाच्या डॉक्टरांनी केलेली हर्नियाची ऑपरेशनं सर्जनांच्या तोडीची ठरली. मोझांबिकमध्ये १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना सिझेरियन शिकवलं जातं. सात वर्षांनी बघितलं तर त्यांतले सुमारे ९० टक्के जिल्हा रुग्णालयांतच काम करत होते, डॉक्टर मात्र जवळजवळ सगळे निघून गेले होते.

मोझांबिकचं मॉडेल जसंच्या तसं इथे आणता येणार नाही, आपला कायदा परवानगी देत नाही. पण शहाणपण घेता येतं: जो माणूस तालुक्यात राहणार आहे, त्याला शिकवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं शिकवलं. तिथले बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं.

आक्षेप खरा कुठे येतो? तर शिकवून सोडून देण्यात, मागे कुणी नसण्यात. अवघड केस आली तर कुणाला फोन करायचा, किती वेळात गाडी मिळेल, हे लिहून ठेवलेलं नसेल तर अर्धं शिकलेला हात धोकादायकच.

डॉक्टर शिकले की झालं ना?

नाही. भागीदाऱ्या इथेच मोडतात. सर्जन शिकतो, पण ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र, चालवणाऱ्या मामांना कुणी काही सांगत नाही. सिस्टरांना नवीन इन्स्ट्रुमेंटची नावं माहीत नसतात. भूलतज्ज्ञ शहरातून आठवड्यातून एकदा येतो आणि त्याला यादी आदल्या रात्री कळते. मग ऑपरेशन पुढे ढकलतात आणि दोष ‘पेशंट तयार नव्हता’ यावर जातो.

आम्ही टीमच मागतो: एक डॉक्टर, दोन सिस्टर, भूल देणारा माणूस आणि निर्जंतुकीकरण बघणारा माणूस. दोन सिस्टर अशासाठी, की एकीची बदली होणारच आहे. पाहुण्यांकडूनही नर्स आणि भूलतज्ज्ञ यावेत. सिस्टरांना सिस्टरांनी शिकवलेलं लवकर पटतं. डॉक्टरांसमोर त्या प्रश्न विचारायला बिचकतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहतोय.

ज्यांना वाटतं की शस्त्रक्रिया सुरक्षित होते ती सर्जनच्या बोटांमुळे, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा तपासणी यादीकडे बघावं. एकोणीस मुद्द्यांचा एक कागद. दिल्ली, मनिला, अम्मान आणि टांझानियातल्या इफाकारासह आठ शहरांतल्या रुग्णालयांत तो वापरला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांनी केलं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. कागद मराठीत करून ओटीच्या (शस्त्रक्रियेच्या खोलीच्या) भिंतीवर लावायला पैसे लागत नाहीत. तो मोठ्यानं वाचण्याचा हक्क सर्वांत ज्युनियर सिस्टरला देणं, आणि सर्जननं त्यासाठी थांबणं, हे मात्र अवघड आहे. पहिल्या दिवसाचा आमचा धडा हाच असतो.

परदेशी डॉक्टर इथे पेशंटला हात लावू शकतो का?

परवानगीशिवाय नाही. परदेशी नागरिक असलेल्या डॉक्टरला शिकवण्यासाठी किंवा धर्मादाय कामासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी लागते आणि व्हिसाही कामाला साजेसा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन ओटीत उभं राहू नये. मूळचे इथले असलेल्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची आपली नोंदणी चालू आहे का ते आधी बघावं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी क्रेडिट पॉइंट लागतात, आणि वीस वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यांच्या हे लक्षात नसतं. कागद पूर्ण होईपर्यंत त्यांनी डमीवर शिकवावं, केसवर चर्चा करावी. तेही पुष्कळ आहे. व्यावसायिक विमा कुणाचा, हे करारात आलंच पाहिजे.

आमच्या ओळखीचे लोक सोनोग्राफी मशीन आणि भुलीचं यंत्र पाठवायला तयार आहेत. घेऊ का?

सोनोग्राफीबद्दल आधी थांबा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी नसलेल्या जागी सोनोग्राफी मशीन ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते भेट आलेलं असो की हातात मावणारं पोर्टेबल असो. कुठे ठेवणार, कोण वापरणार, हे समुचित प्राधिकाऱ्याकडे (त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) नोंदलेलं हवं, आणि वापरणाऱ्या डॉक्टरची पात्रताही नियमात बसली पाहिजे. पाहुण्यानं बॅगेतून आणलेलं मशीन ‘फक्त शिकवायला’ काढलं तरी त्रास होऊ शकतो.

बाकी यंत्रांबद्दल एक अभ्यास सांगतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत विकसनशील देशांतल्या १ लाख १२ हजारांवर वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या; त्यांतली सुमारे ३८ टक्के बंद होती. कारणं काय, तर चालवायचं प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्याची सोय नाही. आमचे प्रश्न याच क्रमानं असतात. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे पैसे, कोण भरणार? नाशिक किंवा मुंबईहून इंजिनिअर किती दिवसांत येतो? व्होल्टेज २३० चं आहे का? अमेरिकेतलं ११० व्होल्टचं यंत्र इथे थेट लावलं तर एकदाच चालतं. सुटे भाग आणि लागणारं किरकोळ सामान इथे मिळतं का? वापरलेली यंत्रं आयात करण्यावर निर्बंध आहेत, ते वेगळंच.

समाधानकारक उत्तर नसेल तर नम्रपणे नको म्हणा. देणगी नाकारली तर लोक रुसतात, हे खरं आहे. पण ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादर घालून ठेवलेली यंत्रं बघितली, की कुणाला रुसू द्यावं ते कळतं. पल्स ऑक्सिमीटर मात्र कुणी देत असेल तर जरूर घ्या. भूल देताना रक्तातला ऑक्सिजन मोजणारं हे छोटं यंत्र गरीब देशांतल्या ओटींपर्यंत पोचवायला २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्थाच निघाली.

पैसे परदेशातून आले तर?

ज्या संस्थेच्या खात्यात येणार, तिच्याकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतच येतो, एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. परदेशातून भेट आलेली उपकरणंही यात येऊ शकतात. आधी सीएला विचारा, मग आभाराचं पत्र लिहा.

खरं सांगायचं तर लागणारा पैसा फार नसतो. पाहुणे आपल्या तिकिटानं येतात. मोठा खर्च असतो तो शिकणाऱ्यांच्या सुट्टीचा: सिस्टर चार दिवस प्रशिक्षणात असताना तिच्या जागी ड्यूटी कोण करणार. कुठल्याच अर्जात हा रकाना नसतो.

डमीवर शिकून खरंच हात बसतो का?

सुरुवातीला बसतो. टाके घालायला बकऱ्याचे पाय आणि कोंबडी. देवळाली गावापासून सिडकोपर्यंत कुठेही मिळतात. नवजाताला श्वास देण्यासाठी साधा पुतळा आणि अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून हवा द्यायची पिशवी. पहिल्या मिनिटात बाळानं श्वास घेतला पाहिजे, हे शिकवण्यासाठी आपल्याकडे २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्याचे पुतळे बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलूपबंद असतात. ते बाहेर काढून लेबर रूममध्येच ठेवा.

एकदाच दिलेलं प्रशिक्षण काही महिन्यांत विरतं, विशेषतः रोज न लागणारं कौशल्य. म्हणून सलग पाच दिवसांपेक्षा दर आठवड्याला वीस मिनिटं, ड्यूटी बदलताना, दोघी-दोघींनी पुतळ्यावर करायचं.

‘शिकला’ असं कधी म्हणायचं?

नुसतं प्रमाणपत्र मिळालं म्हणून नाही. आमची पायरी अशी आहे: आधी बघायचं, मग मदत करायची, मग देखरेखीखाली करायचं, मग शिकवणारा ओटीच्या बाहेर पण आवारात असताना करायचं, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवायचं. आकडा प्रोसिजरनुसार ठरवा आणि प्रत्येक केसची नोंदवही ठेवा. दुसऱ्याला शिकवता आलं की भागीदारीचं पहिलं पर्व संपलं.

पेशंटला सांगायचं का, की शिकाऊ हात आहे?

हो, सांगायचंच. मराठीत, आणि सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली बोलणाऱ्या माणसाकरवी. “ऑपरेशन आमचे डॉक्टर करणार, शेजारी बाहेरचे मोठे डॉक्टर उभे राहणार, नको वाटलं तर तसं सांगा, उपचार थांबणार नाही.” असं सांगितल्यावर बहुतेक जण हो म्हणतात. अंगठा घेण्याआधी त्यांच्याकडून एकदा उलट वदवून घ्या, त्यांना काय समजलं ते कळतं. मोबाइलवर फोटो, व्हिडिओ नाहीत. समाजमाध्यमांवर पेशंटचा चेहरा टाकणाऱ्या पाहुण्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही.

अभ्यास छापायचा असेल तर आचारसमितीची मंजुरी आधी हवी, आणि परदेशी संस्था सहभागी असेल तर केंद्राच्या छाननी समितीचाही विचार करावा लागतो. इथल्या डॉक्टरांचं नाव लेखक म्हणून आलं पाहिजे. आभाराच्या ओळीत नाही.

कोणत्या महिन्यात ठेवावं?

पावसाळ्यात घाटरस्ते आणि भातलावणी. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, त्यामुळे तिथल्या रुग्णालयात पेशंट कमी आणि दिंडोरीत जास्त. मार्चअखेर सरकारी कार्यालयात कुणी भेटत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात तर जिल्ह्याची सगळी आरोग्य यंत्रणा त्र्यंबक आणि पंचवटीत असेल. त्या आधी-नंतरचं बघा.

सरकारी रुग्णालयात काम करायचं असेल तर कुणाकडे जायचं?

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. शहरातल्या पालिकेच्या रुग्णालयांसाठी महापालिका. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे, १९९८ पासून. अभ्यासक्रमाला मान्यता हवी असेल तर तिथे. तोंडी ‘हो’वर काम सुरू करू नका. बदली झाली की नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगावं लागतं, कागद असेल तर निदान तारीख दाखवता येते.

शिकलेली माणसं निघून गेली तर?

जातील. बॉण्ड घालून फार काळ कुणी राहत नाही. राहतं कोण, तर ज्याचं घर इथे आहे आणि ज्याला काम करायला भूल, रक्त, टाके वेळेवर मिळतात. निवड करताना गुणांइतकंच हेही बघा. आणि शिकलेला सर्जन नाशिकला गेला, तर तो हरवला असं समजू नका. त्यालाच पुढचा शिक्षक करा.

आम्ही नाशिकचे डॉक्टर टांझानियाला किंवा नेपाळला शिकवायला जायचं म्हणतोय. वेगळं काही?

वर पाहुण्यांसाठी लिहिलेलं सगळं आता तुम्हाला लागू. तिथल्या वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना घ्या. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जनांचं स्वतःचं महाविद्यालय १९९९ पासून आहे, प्रशिक्षणाची त्यांची घडी आहे. तिच्यात बसा, शेजारी दुसरी मांडू नका. आणि शिकायच्या तयारीनं जा. मोतीबिंदूसाठी काठमांडूच्या तिलगंगा केंद्रात डॉ. संदुक रुइत यांनी बिनटाक्याच्या छोट्या छेदाची पद्धत ज्या सफाईनं आणि वेगानं बसवली, ती बघायला श्रीमंत देशांतले डॉक्टर येतात. आपल्या मदुराईच्या अरविंद रुग्णालयाचंही तसंच. तिथल्या सिस्टर काय-काय करतात ते बघून या.

यश मोजायचं कसं?

किती लोकांना प्रशिक्षण दिलं हे मोजू नका, तो आकडा नेहमीच छान येतो. पाहुणे गेल्यावर सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी त्या रुग्णालयात ती प्रोसिजर किती वेळा झाली, किती जखमा चिघळल्या, किती पेशंट दगावले, किती रेफर कमी झाले, एवढंच. आकडे वाईट असले तरी पाहुण्यांना पाठवा.

पहिल्या बैठकीला येताना काय आणू?

मागच्या बारा महिन्यांची रेफर वही आणि ओटी रजिस्टर, बंद पडलेल्या यंत्रांची यादी, आणि ओटी इन्चार्ज सिस्टर. प्रोजेक्टर नको.